आयसीयू, डायलिसिस की केमो डे-केअर? परिचारिकांच्या प्रश्नांना उत्तरे

नर्सिंगमधल्या स्पेशालिटीबद्दल ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी सात पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा केलेली, आहे. कळव्याला राहते. ठाण्यातल्या ६० खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षं जनरल वॉर्डला काढली. आता एका मोठ्या रुग्णालयाच्या आयसीयूमध्ये बोलावलं आहे. दुसरीकडे एक खासगी संस्था सहा महिन्यांचा 'क्रिटिकल केअर सर्टिफिकेट' कोर्स पंचेचाळीस हजारांत देते आहे, वर्ग शनिवार-रविवारी. आधी कोर्स करू की आधी नोकरी?

आधी नोकरी. त्या कोर्सचे पैसे तूर्त जपून ठेवा.

स्पेशालिटीचा मान्यताप्राप्त मार्ग म्हणजे मूळ नर्सिंग शिक्षणानंतर करायचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा. भारतीय परिचर्या परिषदेने त्याचा अभ्यासक्रम ठरवून दिला आहे. क्रिटिकल केअर, इमर्जन्सी, ऑन्कॉलॉजी (कर्करोग), नवजात शिशू, किडनी, ऑपरेशन थिएटर, कार्डिओथोरॅसिक (हृदय-छाती), न्यूरो (मेंदू), मानसोपचार अशा शाखा त्यात आहेत. प्रवेशाला परिषदेची नोंदणी आणि साधारण एक वर्षाचा वॉर्डचा अनुभव लागतो, म्हणजे तुम्ही आजही पात्र आहात. हा डिप्लोमा झाला की महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे जादा पात्रता म्हणून त्याची नोंद करून घेता येते. संस्था खरी की खोटी हे ओळखायला एवढा एकच प्रश्न पुरे: "तुमच्या सर्टिफिकेटची परिषदेत नोंद होते का?" उत्तर गोलमोल आलं तर तिथून निघा. शनिवार-रविवारच्या वर्गात व्हेंटिलेटरचं चित्र दाखवतात. अलार्म वाजल्यावर पेशंटकडे आधी बघायचं की मशीनकडे, हे तिथे कळत नाही. (आधी पेशंटकडे बघायचं, दर वेळी.)

रुग्णालयाच्या पाटीवर भुलू नका. मुलाखतीला जाल तेव्हा तुम्हीही चार प्रश्न विचारा. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमागे सिस्टर किती? एकास एक हे योग्य प्रमाण. एकीला तीन व्हेंटिलेटर देत असतील तर तिथे तुम्ही शिकणार नाही, नुसत्या धावाल. रात्री इंटेन्सिव्हिस्ट (आयसीयूचे तज्ज्ञ डॉक्टर) युनिटमध्ये असतात की फोनवर? एबीजीचं (रक्तातला ऑक्सिजन आणि आम्लता तपासण्याचं) मशीन आयसीयूतच आहे की नमुना खाली लॅबला जातो? नव्या सिस्टरला किती आठवडे सीनियरच्या हाताखाली ठेवतात? 'दोन दिवस' असं उत्तर आलं तर विचार करा. सहा ते आठ आठवडे सांगत असतील तर ती जागा चांगली.

रुजू होण्यापूर्वी इन्फ्युजनचा, म्हणजे पंपाने शिरेतून सतत जाणाऱ्या औषधाचा, हिशोब पक्का करा. आयसीयूत नवीन सिस्टर सगळ्यात जास्त इथेच अडखळते. एक उदाहरण कागदावर सोडवून बघा. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये ४ मिलिग्रॅम नॉरॲड्रेनॅलिन (बीपी वाढवणारं औषध) आहे. ४ मिलिग्रॅम म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम, भागिले ५०, म्हणजे एका मिलीत ८० मायक्रोग्रॅम. पेशंट ६० किलोचा, ऑर्डर ०.१ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. मिनिटाला ६ मायक्रोग्रॅम, तासाला ३६०. ३६० भागिले ८० म्हणजे ४.५ मिली प्रति तास. बहुतेक जणी मिनिटाचा तास करायला, म्हणजे साठने गुणायला, विसरतात. दुसरी चूक ॲम्प्यूलवरचं लेबल न वाचल्याने होते. २ मिलिग्रॅम बायटार्ट्रेटमध्ये शुद्ध नॉरॲड्रेनॅलिन फक्त १ मिलिग्रॅम असतं. युनिटमध्ये डोस बेसवर (शुद्ध औषधावर) मोजतात की सॉल्टवर (बायटार्ट्रेटवर), हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या, नाहीतर पेशंटला निम्मा किंवा दुप्पट डोस जाईल.

सिरिंज संपायच्या बेतात आली की दुसऱ्या पंपावर नवी भरून तयार ठेवा. या औषधाचा असर एक-दोन मिनिटांत ओसरतो, त्यामुळे जुनी काढून नवी लावेपर्यंत बीपी कोसळतं. नवी सुरू करा, बीपी सावरतंय हे मॉनिटरवर बघा, मग जुनी हळूहळू कमी करा. सेंट्रल लाइनच्या (मोठ्या शिरेतल्या नळीच्या) ज्या ल्युमेनमधून (कप्प्यातून) हे औषध चाललंय त्यावर ठळक लेबल लावा आणि त्यातून दुसरं काहीही ढकलू नका. त्या नळीत साचलेलं औषध फ्लशबरोबर एका झटक्यात आत जातं आणि ९० चं बीपी क्षणात २०० च्या वर उडतं.

वर्षभर असं काम केलं की डिप्लोमाला बसा. सोबत बीएलएस आणि एसीएलएस हे जीवरक्षक उपचारांचे कोर्स करून ठेवा. अमेरिकन हार्ट असोसिएशनची ही कार्डं दोन वर्षं चालतात, म्हणून नोकरीच्या अर्जाच्या सुमारास काढलेली बरी.

कोपरखैरणेच्या डायलिसिस सेंटरला चार वर्षं आहे. तेच ते काम आहे, टेक्निशियनही तेच करतो आणि पगारही जवळपास तेवढाच. यात पुढे काही आहे का?

आहे, पण मशीन लावण्यापुरतं शिकलात तर नाही. मशीन टेक्निशियनही उत्तम चालवतात, त्या बाबतीत तुमची त्यांच्याशी बरोबरी होणारच. सिस्टरची किंमत कळते ती फिस्टुला (डायलिसिससाठी हातात जोडलेली शीर-धमनी) सांभाळण्यात, गुंतागुंत आधी ओळखण्यात आणि घरच्यांना शिकवण्यात.

फिस्टुलाचंच बघा. दर वेळी सुई घालण्याआधी बोटांनी थ्रिल (रक्तप्रवाहाची थरथर) बघा आणि स्टेथोस्कोपने ब्रुई (त्या प्रवाहाचा आवाज) ऐका. थ्रिल नसेल तर सुई घालू नका, लगेच सर्जनला कळवा. गुठळी झालेला फिस्टुला लवकर पोहोचलं तर वाचण्याची शक्यता असते, उशीर होईल तशी ती कमी होत जाते. नवा फिस्टुला पिकायला साधारण सहा आठवडे लागतात. शीर ६ मिलिमीटर रुंद, त्वचेखाली ६ मिलिमीटरपेक्षा उथळ आणि प्रवाह मिनिटाला ६०० मिली, हा लक्षात ठेवायचा हिशोब. पहिले काही दिवस १७ गेजची बारीक सुई वापरा आणि पंप मिनिटाला २०० मिलीच्या आसपास ठेवा. सोपी म्हणून एकाच जागी रोज सुई घातली की शिरेची भिंत पातळ होते आणि फुगा येतो. शिडीच्या पायऱ्यांसारखी जागा वर-खाली बदलत राहा. तो हात बीपीसाठी, रक्त काढायला किंवा सलाइन लावायला कोणालाही देऊ नका. हे पेशंटलाही पाठ करवून घ्या, कारण दुसऱ्या रुग्णालयात गेल्यावर तिथे 'नाही' म्हणायला तोच असतो.

दुसरा हिशोब पाणी काढण्याचा. तासाला किलोमागे १३ मिलीपेक्षा जास्त पाणी खेचू नये. ६० किलोचा पेशंट ४ लिटर वाढवून आला आणि ते चार तासांत काढलं तर तासाला १००० मिली, म्हणजे किलोमागे जवळपास १७ होतात. तिसऱ्या तासाला पायात गोळे येणार, बीपी पडणार. हेच पाच तास दहा मिनिटांवर नेलं तर मर्यादेत बसतं. 'पुढच्या बॅचला उशीर होतो' म्हणून वेळ वाढवत नाहीत, आणि मग पेशंट घरी जाऊन दिवसभर उठू शकत नाही. हे आकडे डॉक्टरांपुढे मांडणाऱ्या सिस्टरला तिथे ऐकून घेतलं जातं. बीपी पडलंच तर आधी पाणी काढणं थांबवा, डोकं खाली आणि पाय वर करा, मग सांगितल्याप्रमाणे १०० ते २०० मिली सलाइन द्या.

पुढच्या वाटा दोन. एक पेरिटोनियल डायलिसिसची (पोटात द्रव सोडून होणाऱ्या डायलिसिसची) सिस्टर. पेशंट घरी दिवसात साधारण चारदा दोन लिटरची पिशवी बदलतो. त्याला आणि घरच्यांना हात धुण्यापासून सगळं शिकवायचं, आणि बाहेर आलेलं पाणी गढूळ दिसलं की त्याच दिवशी यायचं हे ठसवायचं. दुसरी वाट प्रत्यारोपण समन्वयकाची. मोहन फाउंडेशन त्याचं प्रशिक्षण देतं. मुंबईत झेडटीसीसी (अवयव प्रत्यारोपणाची विभागीय समन्वय समिती) आणि केईएम रुग्णालयातलं रोटो-सोटो (प्रादेशिक व राज्य अवयव प्रत्यारोपण संस्था) ही या कामाची केंद्रं. किडनीच्या पेशंटच्या घरची घालमेल तुम्ही चार वर्षं जवळून पाहिली आहे, ती या कामात फार उपयोगी पडते.

मुलगी बारावीला आहे, ऐरोलीत राहतो. जीएनएम करू द्यावं की बीएस्सी?

मार्क आणि खर्च जमत असेल तर बीएस्सी. चार वर्षं लागतात, जीएनएमला तीन. प्रवेशासाठी राज्य सीईटी कक्षाची बीएस्सी नर्सिंगची सीईटी द्यावी लागते आणि बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी, इंग्रजी हवं. फरक पुढे जाणवतो. एमएस्सीला बीएस्सी किंवा पोस्ट बेसिक बीएस्सी लागते. क्रिटिकल केअरमधला दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर हा निवासी अभ्यासक्रमही त्यावरच मिळतो. एम्सच्या नॉरसेट या परिचारिका भरती परीक्षेला बीएस्सी थेट चालते, जीएनएमला मात्र ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव जोडावा लागतो. जीएनएम केलं तरी दार बंद होत नाही, दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी नंतर करता येते.

कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारतीपेक्षा एकच गोष्ट तपासा: मुली प्रत्यक्ष काम शिकायला कोणत्या रुग्णालयात जातात आणि तिथे रोज किती खाटा भरलेल्या असतात. रिकाम्या वॉर्डात शिकलेल्या मुलीला पहिल्या नोकरीत फार जड जातं.

खारघरला राहते. ऑन्कॉलॉजीची आवड आहे, पण केमोचं औषध हाताळल्याने आपल्यालाच आजार होईल असं सगळे घाबरवतात. खरं काय?

धोका आहे, आणि नियम पाळले तर तो आटोक्यात राहतो. केमोची औषधं बायॉलॉजिकल सेफ्टी कॅबिनेटमध्येच (हवा गाळणाऱ्या बंदिस्त कपाटातच) मिसळली जावीत. वॉर्डच्या टेबलावर सिस्टरला मिसळायला लावत असतील तर लेखी विरोध करा. देताना हातमोज्यांचे दोन जोड एकावर एक, मागून बंद होणारा गाऊन. सलाइन सेट आधी साध्या सलाइनने भरायचा, औषधाने नव्हे. पेशंटची लघवी, उलटी हाताळताना पुढचे ४८ तास हातमोजे हवेतच. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर इन्चार्जला सांगून या कामातून बाजूला राहा. त्यात संकोच कसला?

आता पेशंटच्या बाजूने. या शाखेत एक चूक आयुष्यभराची जखम करते. डॉक्सोरुबिसिन, म्हणजे ते लाल औषध, शिरेबाहेर गेलं तर मांस कुजतं. मनगट, कोपराचा वळसा, हाताची पाठ टाळून मनगट आणि कोपर यांच्या मधली चांगली शीर निवडा. दर २ ते ५ मिलीनंतर रक्त मागे येतंय का बघा. पेशंट 'आग होतेय' म्हणाला की तिथेच थांबा. सुई काढू नका. आधी तिच्यातूनच जितकं औषध मागे ओढता येईल तितकं ओढा, मग काढा. जागा चोळू नका, दाबू नका. कडेने पेनने रेघ मारा, फोटो घ्या, हात उंच ठेवा, डॉक्टरांना बोलवा. डॉक्सोरुबिसिनला थंड शेक: १५ ते २० मिनिटं, दिवसातून चारदा. व्हिन्क्रिस्टिनला मात्र गरम, कारण थंडीने त्याची इजा वाढते. हे दोन उलट आहेत, म्हणून ड्युटी रूमच्या भिंतीवर चिकटवून ठेवा. आणि व्हिन्क्रिस्टिन फक्त शिरेतून. पाठीच्या कण्यात गेलं तर पेशंट बहुधा वाचत नाही. म्हणूनच ते सिरिंजमध्ये न देता छोट्या पिशवीत घालून द्यावं.

घरी जाताना पेशंटला सांगायचं ते तापाबद्दल. एकदा ३८.३ किंवा तासभर ३८ च्या वर सेल्सिअस ताप आला की क्रोसिन घेऊन झोपायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं. पांढऱ्या पेशी कमी असताना पहिल्या तासाभरात अँटिबायोटिक मिळणं जीव वाचवतं.

तुमच्या घराजवळच टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन आणि उपचार केंद्र आहे. टाटा मेमोरियलचा कर्करोग परिचर्येचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे. त्याच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. ही शाखा अंगावर येते हे खरं, रोजचे ओळखीचे चेहरे एक दिवस येत नाहीत. पण एवढं शिकवणारी आणि पेशंटशी एवढं जोडणारी दुसरी शाखा आमच्या पाहण्यात नाही.

मी मेल नर्स आहे, दिव्याला राहतो. वॉर्डला ब्रदर नको म्हणतात. कुठे संधी आहे?

आयसीयू, इमर्जन्सी, ऑपरेशन थिएटर, कॅथ लॅब (अँजिओग्राफीची जागा), ऑर्थो, डायलिसिस आणि मानसोपचार. प्रसूती विभाग सोडला तर बाकीकडे अडचण सहसा येत नाही. एम्सच्या भरतीत ८० टक्के जागा महिलांना असतात, म्हणून त्या परीक्षेची तयारी जास्त कसून करा.

मानसोपचार शाखेकडे फारसं कोणी बघत नाही, तुम्ही बघा. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचं आहे, म्हणजे या शाखेची मोठी शाळा तुमच्या दाराशी आहे. इथे ताकदीचं काम असतं ही चुकीची समजूत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार पेशंटला साखळीने बांधणं किंवा एकांतात कोंडणं गुन्हा आहे. हातपाय बांधावे लागले तर जीवाला तात्काळ धोका असतानाच, मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने आणि नोंद करून. खरं कसब बांधावं लागण्याआधीच्या दहा मिनिटांत लागतं: आवाज खाली, दोन हात अंतर, दाराची वाट मोकळी, एकाच माणसाने बोलायचं.

परदेशी जायचं आहे. घणसोलीची एक एजन्सी आखातासाठी साडेतीन लाख मागते आहे. पगारही इथे किती मागावा कळत नाही.

पैसे देऊ नका. भरती एजंटला कायद्याने ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं, तेही पावती देऊन. शिवाय एमिग्रेशन क्लिअरन्स (कामासाठी देश सोडण्याची सरकारी परवानगी) लागणाऱ्या देशांसाठी, ज्यांत आखाती देश येतात, परिचारिकांची भरती २०१५ पासून ठरवून दिलेल्या सरकारी संस्थांमार्फतच होते. ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर एजन्सीचं नाव तपासा. पासपोर्ट आणि मूळ सर्टिफिकेटं कोणाच्याही ताब्यात देऊ नका, इथल्या रुग्णालयाच्याही नाही.

आखाताला डेटाफ्लो (कागदपत्रांची) पडताळणी आणि प्रोमेट्रिक (परवान्यासाठीची) परीक्षा. ब्रिटनला आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनात ६.५ आणि बाकी तिन्हींत ७, किंवा ओईटी या वैद्यकीय इंग्रजीच्या परीक्षेत लेखनात सी प्लस आणि बाकी बी. मग संगणकावरची परीक्षा, आणि तिथे गेल्यावर ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा. अमेरिकेला एनक्लेक्स ही परवाना परीक्षा. जर्मनीला बी-२ पातळीची जर्मन, ज्याला साधारण दीड वर्ष खर्ची पडतं. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा अनुभवपत्रावर. त्यात विभागाचं नाव, खाटांची संख्या, पद, पूर्णवेळ असल्याचा उल्लेख आणि रुजू-मुक्त तारखा पगाराच्या स्लिपशी जुळणाऱ्या हव्यात. नुसतं 'स्टाफ नर्स म्हणून काम केले' असं पत्र पडताळणीत टिकत नाही. नोकरी सोडताना तिथल्या तिथे नीट लिहून घ्या. विभाग बदलला असेल तर प्रत्येक विभागाचा कालावधी वेगळा.

पगाराबद्दल: सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये शिफारस केली की ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही २०,००० पेक्षा कमी देऊ नये, आणि २०० च्या वर खाटा असतील तर राज्य सरकारच्या परिचारिकेइतका पगार द्यावा. ही शिफारस आहे, त्यामुळे सगळीकडे पाळली जात नाही. तरी बोलणी करताना हा आकडा समोर ठेवा. मिळणाऱ्या सुविधाही पगारात धरून हिशोब करा: रात्रपाळीला रुग्णालयाची गाडी आहे का, की ठाणे-वाशी लोकलवर अवलंबून राहायचं? आठची नाइट गाठायला रबाळ्याहून निघणारी आणि दिव्याहून निघणारी यांच्या महिन्याच्या खर्चात आणि थकव्यात बराच फरक पडतो.

वय ४४, नेरूळ. वीस वर्षं झाली. कंबर गेली, नाइट झेपत नाही. नर्सिंग सोडावं का?

सोडू नका. तुमच्या अनुभवाला साजेसं काम इन्फेक्शन कंट्रोल नर्सचं. एनएबीएच (रुग्णालयांच्या दर्जाचं) मानांकन घेणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाला ही जागा भरावी लागते, आणि ड्युटी बहुतेक दिवसाची असते. रोज राउंड घ्यायचा: सेंट्रल लाइनचं ड्रेसिंग कोरडं आहे का, तारीख लिहिली आहे का, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं डोकं ३० ते ४५ अंशांवर आहे का, लघवीची पिशवी जमिनीला टेकली नाही ना, कॅथेटर अजून खरंच हवं आहे का. कचऱ्यात २०१६ च्या नियमांप्रमाणे पिवळी, लाल, पांढरी, निळी वर्गवारी. सुया पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यातच.

यात थोडं गणित येतं. महिन्यात रोज ठरावीक वेळी सेंट्रल लाइन असलेले पेशंट मोजा आणि बेरीज करा. समजा १२०० लाइन-दिवस झाले आणि ३ पेशंटना लाइनमुळे रक्तात जंतुसंसर्ग झाला. ३ भागिले १२००, गुणिले १०००, म्हणजे हजार लाइन-दिवसांमागे २.५. हा दर दर महिन्याला काढून वॉर्डच्या फलकावर लावायचा. तो कोणाला ओरडण्यासाठी नाही. आकडा वाढला की त्या महिन्यात ड्रेसिंगचं सामान बदललं का, नवी माणसं आली का, हे शोधायचं. एक्सेलचं मूलभूत काम येत नसेल तर महिनाभरात शिकून घ्या, बाकी सगळं तुम्हाला येतं.

याच तऱ्हेचं दुसरं काम स्टोमा (शौचासाठी शस्त्रक्रियेने पोटावर केलेलं छिद्र) आणि जखमांचं. पोटावर पिशवी बसवलेल्या पेशंटला घरी जाण्याआधी शिकवायला माणूस मिळत नाही. पिशवी चिकटवायच्या प्लेटचं छिद्र स्टोमापेक्षा फक्त १ ते २ मिलिमीटर मोठं कापायचं. मोठं झालं की पातळ शौच त्वचेवर झिरपते आणि दोन दिवसांत कातडी सोलते. पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करायची, नाहीतर वजनाने सुटते. पहिले सहा आठवडे स्टोमा आक्रसत असतो, म्हणून दर आठवड्याला माप पुन्हा घ्यायचं.

आधी सध्याच्या रुग्णालयातच मेट्रनकडे लेखी अर्ज करा: वीस वर्षांचे विभाग, कंबरेचं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि इन्फेक्शन कंट्रोलची तयारी असल्याचा उल्लेख. नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी असतं, त्यासाठीचे सीएनईचे (नोकरीत असताना घ्यायच्या शिक्षणाचे) तास या विषयांच्या कार्यशाळांतून भरा, म्हणजे अर्जाला जोडायला पुरावाही तयार होईल.